फुंकणीची साक्ष

शकीला मुलाणीला फुंकणीसमोर तिसऱ्यांदा बसवलं, तेव्हा ॲडव्होकेट अलका थोरवेचा धीर सुटत आला होता. पहिल्या दोन्ही वेळा मध्येच खोकल्याची उबळ आली आणि नळी तोंडातून निसटली. दहा मिनिटं सलग, सावकाश नळीत श्वास सोडायचा, एवढंच काम. पण जिला ते जमतं ती बाई मोफत कायदा मदत कक्षाच्या पायऱ्या कशाला चढली असती? यंत्र बनवणाऱ्या शहाण्यांच्या डोक्यात हा साधा प्रश्न आला नसावा.

"दमानं घे शकीला. कुणी मागं लागलंय का?" दारात उभे असलेले निवृत्तीतात्या खबाले म्हणाले. त्यांनीच तिला मोटारसायकलवर बसवून कोळे फाट्यावरून तालुक्याला आणलं होतं. येताना तिच्या नाकातोंडाला त्यांनी स्वतःचा धुतलेला टॉवेल बांधला होता.

शकीलाची चहाची टपरी आणि तिच्या पाठीमागचं दोन खोल्यांचं घर बरोब्बर फाट्यावर होतं. एका अंगाला साखर कारखान्याचा रस्ता. हंगामात तिथे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागायची, आणि रांगेतलं एकही इंजिन बंद नसायचं. शहरातल्या गाड्या विजेवर गेल्या, पण त्यांची जुनी डिझेल इंजिनं भंगारात थोडीच गेली? ती स्वस्तात गावाकडे उतरली. शकीला प्रत्येकाला सांगायची, बाबा, इंजिन तेवढं बंद कर. उत्तर ठरलेलं असायचं, "बंद केलं तर परत चालू व्हायचं न्हाई, मावशी." दुसऱ्या अंगाला ऊस. तोडणी झाली की शेतात राहिलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, लोक काडी लावून पेटवायचे आणि मोकळे व्हायचे. हे दोन्ही धूर शकीलाच्या घरात एकत्र यायचे. डॉक्टरांनी तिला तोंडावर सांगितलं होतं की आणखी एक हंगाम त्या फाट्यावर काढायचा असेल, तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका.

तिसऱ्या खेपेला मात्र जमलं. नळीच्या थंड भांड्यात श्वासाचं पाणी साचलं. अलकाने कुपीला सील ठोकलं आणि मनातल्या मनात हात जोडले.

तिच्याकडे हात जोडण्याइतकं कारण होतं. गेली कित्येक वर्षं ती हवेचे खटले हरत आली होती. प्रत्येक वेळी समोरचा वकील उठायचा आणि विचारायचा, धूर होता हे मान्य, पण तो माझ्याच अशिलाचा कशावरून? यावर अलकाकडे उत्तर नसायचं, न्यायालयाकडेही नसायचं. धुरावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, आणि कायद्याला नाव लागतं.

ते नाव वाचायची सोय आता झाली होती. यंत्राचं सरकारी नाव होतं श्वासकण-विश्लेषक, पण लोकांनी त्याची नळी पाहिली आणि चुलीजवळच्या फुंकणीचं नाव त्याला देऊन टाकलं. त्यामागचं विज्ञान तसं समजायला सोपं होतं. ऊस जमिनीतून पाण्याबरोबर वाळूचा अंश शोषतो आणि पानात त्याचे काचेसारखे बारीक कण बनवतो. पान जळतं, हे कण जळत नाहीत. ते धुरातून उडतात, माणसाच्या छातीत जाऊन बसतात आणि त्यातले थोडे श्वासाच्या दमटपणातून बाहेर येतात. त्या कणात मातीतली काही द्रव्यं अडकलेली असतात, आणि त्यांचं आपसातलं प्रमाण प्रत्येक जमिनीचं निराळं असतं. इंजिनांचंही तेच. प्रत्येक इंजिन आपल्या परीने झिजतं, आपल्या परीने तेल जाळतं, आणि त्याच्या काजळीत ती झीज उतरते. वाहनांच्या काजळीचे ठसे दरवर्षीच्या तपासणीत घेतलेले असायचे. मातीचे ठसे शेतकऱ्यांनी दिलेल्या नमुन्यांवरून सरकारी संगणकात ठेवलेले असायचे. फुंकणी श्वासातले कण या ठशांशी ताडून पाहायची आणि सांगायची, या बाईच्या छातीतला इतका धूर अमक्याचा, इतका तमक्याचा.

त्यावर श्वासहक्क कायदा आला. एखाद्याच्या छातीतल्या धुरात कुणा एकाचा वाटा दहा टक्क्यांच्या वर सिद्ध झाला, की तो मुख्य दोषी. त्याचा ऊस तीन हंगाम कुठलाही कारखाना घेणार नाही, वाहन असेल तर ते रस्त्यावरून कायमचं हटवलं जाणार. आणि मुख्य दोषी ठरला की मग न्यायालय पीडिताच्या घराभोवती श्वासक्षेत्र जाहीर करू शकत होतं. त्या क्षेत्रात कुणीच पाचट पेटवायचं नाही, कुणीच इंजिन चालू ठेवून उभं राहायचं नाही. शकीलाला तेच हवं होतं. पण एक तरी मुख्य दोषी सापडल्याशिवाय श्वासक्षेत्र नाही, अशी पाचर मारून ठेवलेली होती.

अहवाल आला तेव्हा अलका जेवायला बसली होती. डबा तसाच उघडा ठेवून तिने वाचायला घेतलं. वाहनांचा धूर निम्म्याच्या आसपास, पण तो तीनशेवर इंजिनांत वाटला गेलेला, कुणाच्याच वाट्याला एक टक्काही नाही. म्हणजे सगळे मिळून गळा दाबणार आणि एकाच्याही बोटाचा ठसा पुरेसा उमटणार नाही! तिला इतका संताप आला की तिने डब्याचं झाकणच आपटलं.

मग खालची ओळ. पाचटाचा धूर. गट नंबर दोनशे बारा, तेरा टक्के.

अलका खुर्चीतून उठलीच. सापडला! कायदा आल्यापासून तालुक्यात पहिल्यांदाच कुणीतरी दहाच्या वर सापडला होता. तिने मालकाचं नाव पाहिलं आणि पुन्हा खाली बसली.

निवृत्ती ज्ञानू खबाले.

दुसऱ्या दिवशी ती फाट्यावर गेली. तात्या नेहमीप्रमाणे बाकावर बसले होते. त्यांचा चहा कपात भागायचा नाही, म्हणून त्यांनी घरून आणलेला स्टीलचा मोठा पेला टपरीच्या फळीवर कायमचा ठेवलेला असायचा. अलकाने अहवाल वाचून दाखवला. नाव तिने शेवटी घेतलं.

तात्या आधी हसले. मग कुणीच हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

"माजं रान? वकीलबाई, म्या पाचट जाळणं सोडलं त्याला लई वर्सं झाली. सरीत कुजवतो. समद्या गावाला ठावं हाय!"

"यंत्र तसं म्हणत नाही तात्या."

"मग तुमचं यंत्र खोटं बोलतंय!"

पकडलेला प्रत्येक माणूस हेच म्हणतो, असं अलकाच्या मनात आलं. या फुंकणीसाठी तिने बार रूममध्ये किती जणांशी वाद घातले होते, आणि पहिल्याच निकालाला ती खोटी कशी ठरवणार? तिने अहवालाची घडी घालून पिशवीत ठेवली. त्यावरून शकीलाला जे समजायचं ते समजलं.

शकीलाने तात्यांचा पेला विसळला, पुसला आणि फळीवर पालथा घातला.

"शकीला, अगं..."

"नगं तात्या. मी खोकत बसायची आन् तुमी हितं बसून 'सुंठ घाल, सुंठ घाल' म्हनायचा." तिने हातातलं फडकं फळीवर टाकलं. "टावेल बांदला व्हता तुमी माज्या तोंडाला."

तात्या उठले. चपला शोधायला त्यांना वेळ लागला, कारण त्या त्यांच्या पायातच होत्या.

कायद्याप्रमाणे नोटीस देण्याआधी वकिलाने जागेची पाहणी करायची असते. अलका पाट्या टाकायच्या हिशेबानेच गेली. गट दोनशे बारा माळावर होता. तात्या बांधावर उभे राहिले, आत यायला तयार नव्हते. "बगा, काय बगायचं ती. राख गावली तर माज्या तोंडाला फासा."

राख नव्हती. उसाच्या सऱ्यांत पाचट कुजून मऊ झालं होतं, वर बुरशी आली होती. हे काही एका वर्षाचं काम दिसत नव्हतं. अलका चिडली. तात्यांवर नाही, यंत्रावरही नाही. कशावर ते तिलाच नीट सांगता आलं नसतं. तिने वाकून मूठभर माती उचलली. काळी, चिकण माती, आणि तिच्यात पांढरे ठिपके. निरखून पाहिलं तर ते शंख होते. नखाएवढे, पाण्यातल्या गोगलगायींचे.

माळावर शंख? बांधापलीकडे तर नुसता तांबडा मुरूम दिसत होता.

ती बांध ओलांडून शेजारच्या रानात गेली. तिथे पाचट नुकतंच पेटवलेलं, जमीन काळीठिक्कर. चपलेखाली काहीतरी करकरलं. शंखच, भाजून पांढरेफटक झालेले. तिसऱ्या रानातही तेच.

"तात्या, हे शंख कुठले?"

"कुटले म्हंजी? तळ्याचे." तात्यांचा राग अजून ओसरला नव्हता, पण या विषयावर त्यांना गप्प बसवेना. "आमचं समद्यांचं माळरान, वकीलबाई. कुसळं उगवायची नुसती. मग दुष्काळात पाजर तलाव आटला तवा आमी एकोनीस जनांनी मिळून गाळ काडला आन् रानात भरला. हातभर थर हाय. म्याच म्होरं व्हतो त्यात! त्या गाळावर तर ऊस आला."

अलकाने तिथेच बांधावर बसून प्रयोगशाळेला फोन लावला. पलीकडे एक तरुण शास्त्रज्ञ बाई होत्या, आणि त्यांना आपल्या यंत्राचा अभिमान होता.

"एकोणीस शेतांत एकाच तळ्याचा गाळ असेल तर?" अलकाने विचारलं.

"तर ठसा एकच येणार. मुळं त्या गाळातच असणार ना."

"मग तेरा टक्के एकट्या दोनशे बाराच्या नावावर का?"

पलीकडे कळफलकाचा आवाज आला. "त्या शिवारातली आमच्याकडे एकच माती नोंदलेली आहे मॅडम. बाकी कुणी नमुना दिलेलाच नाही. सक्ती नाहीये ना! यंत्र सर्वांत जवळचा नोंदलेला ठसा शोधतं. तो जुळला."

"म्हणजे अठरा जणांचा धूर एकाच्या डोक्यावर?"

"यंत्र चुकलेलं नाही मॅडम," बाई दुखावल्या स्वरात म्हणाल्या. "माती तीच आहे."

अलकाने फोन ठेवला. कायद्याला घाबरून अठरा जण गप्प राहिले होते आणि एकाने, आपल्याला लपवण्यासारखं काही नाही म्हणून, हौसेने माती नेऊन दिली होती. फुंकणीने नेमका त्यालाच धरला.

आता खरी पंचाईत शकीलाची होती. अलका तिची वकील होती, तात्यांची नाही. गाळाची गोष्ट न्यायालयात सांगितली तर तेरा टक्के एकोणीस शेतांत विरघळणार, कुणाचा वाटा किती हे यंत्रालाही सांगता येणार नाही, मुख्य दोषी उरणार नाही आणि श्वासक्षेत्रही मिळणार नाही. गप्प बसलं तर निकाल हातात होता. अशिलाला विचारल्यावाचून पुढे जाता येत नव्हतं, आणि विचारायला तोंड नव्हतं.

संध्याकाळी गिऱ्हाईक पांगल्यावर तिने शकीलाला सगळं सांगितलं. शकीला ऐकत होती, मध्येच पदर तोंडाला लावून खोकत होती.

"म्हंजी तात्यानं जाळलं न्हाई."

"नाही."

"आन् ही सांगितलं तर माजी केस गेली."

"हो."

"मग सांगता कशाला?" शकीला एकदम उसळली. "वकीलबाई, तुमी माज्या का त्यांच्या? मला खरं नगं, मला हवा पायजे! त्यांचा ऊस तीन वर्सं ऱ्हाईल, उपाशी मरनार न्हाईत ती. मी मरनार हाय!"

त्यातला शब्दन् शब्द बरोबर होता. "तुम्ही म्हणाल तसं करू," ती म्हणाली. "पण तात्यांनी जाळलं असं माझ्या तोंडाने मी म्हणणार नाही. तुम्हाला तेच हवं असेल तर दुसरा वकील मिळवून देईन. चांगला देईन."

शकीलाने स्टोव्ह बंद केला. फळीवरचा पालथा पेला तिने उगाचच इकडचा तिकडे सरकवला. "जावा तुमी," ती म्हणाली.

सुनावणीच्या सकाळी अलका न्यायालयाच्या फाटकात उभी होती. शकीला येईल की नाही, येईल तर दुसऱ्या वकिलाचं नाव घेऊन येईल का, काहीच माहीत नव्हतं. तेवढ्यात तात्यांची मोटारसायकल आली. मागे शकीला, तोंडाला टॉवेल. दोघांचेही चेहरे भांडण झाल्यासारखे होते, आणि ते वाटभर भांडलेही असावेत.

"ही म्हनतीय खरं सांगायचं," तात्या चिडून म्हणाले. "मी म्हनतो, जाऊ दे माजा ऊस, तुजी हवा बग. ऐकत न्हाई."

"मला ह्यांच्या उसावर श्वास घ्यायचा न्हाई," शकीला टॉवेलातून म्हणाली. "चला आत."

न्यायालय भरलेलं होतं. वाहतूकदारांच्या वतीने पाटणकर वकील हजर होते, कारण ट्रॅक्टरवालेही प्रतिवादी होते. मागच्या बाकांवर गावातले बरेच शेतकरी येऊन बसले होते. त्यांतल्या कित्येकांच्या रानात ते शंख होते. अलकाने तळं, गाळ, शंख, नमुना, सगळं एकेक करून सांगितलं. शंखांची पिशवी तिने टेबलावर ओतली. काही फरक सापडलाच तर म्हणून एकोणिसांच्या मातीचे नमुने सक्तीने घ्यावेत, निदान तोपर्यंत तरी श्वासक्षेत्र द्यावं, असंही तिने मागून पाहिलं.

पाटणकर सावकाश उठले. "मी विदुषी वकीलभगिनींचा आभारी आहे. फक्त समजून घेतो. म्हणजे बाहेरचा गाळ शेतात टाकला, की शेताचा स्वतःचा ठसा पुसला जातो. असंच ना?"

अलकाला प्रश्नातली सुरी दिसली. पण शपथपत्रावर तिनेच ते लिहिलं होतं.

"हो."

"आभारी आहे," पाटणकर म्हणाले आणि बसले. मागच्या बाकांवर थोडी चुळबूळ झाली.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. अर्जदाराची अवस्था पाहून वाईट वाटतं, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरंच वाटत असावं. पण कायदा नाव मागतो. निवृत्ती खबाले निर्दोष. माती देण्याची सक्ती करायचा अधिकार कायद्याने दिलेला नाही. मुख्य दोषी सिद्ध नाही. अर्ज फेटाळला.

बाहेर आल्यावर शकीलाने अलकाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी परयत्न केला," ती म्हणाली. त्या समजूतदारपणाने अलकाला रडू आवरेना. ती शिव्या खायची तयारी करून आली होती.

त्या उन्हाळ्यात तालुक्यात नवाच धंदा उभा राहिला. ज्याला त्याला गाळ हवा झाला. सुपीकतेसाठी नाही, ज्यांची जमीन आधीच काळी कसदार होती, तेही दोन-चार तळ्यांचा मिळून गाळ मागवू लागले. गाळ जितका मिसळलेला तितका चांगला, असं लोक उघड बोलत. ज्यांनी कधीकाळी मातीचा नमुना दिला होता, त्यांची तर झोप उडालेली. अलकाने न्यायालयात जे सांगितलं होतं ते गावागावांत पोचलं होतं, आणि तिच्या आयुष्यात तिचं कुठलंच म्हणणं लोकांनी इतकं मनावर घेतलं नव्हतं. वरिष्ठ न्यायालयासाठी तिने अपील तयार केलं. दर आठवड्याला प्रयोगशाळेकडून एकच उत्तर यायचं: नवे नमुने, ठसा अनिश्चित.

पेरणीच्या आधी ती अपिलावर सही घ्यायला कोळे फाट्यावर गेली. रस्ता डंपरनी भरला होता. तळ्याकडून गाळ भरून यायचा आणि गावाकडे वळायचा रस्ता फाट्यावरूनच होता. ऊस नसताना इतकी रांग तिने कधी पाहिली नव्हती. एकही इंजिन बंद नव्हतं. तिने गाडीतून उतरून पहिल्याच डंपरच्या दारावर थापा मारल्या.

"इंजिन बंद करा! पलीकडे आजारी माणूस आहे, दिसत नाही?"

चालकाने खिडकीतून मान बाहेर काढली. माणूस वाईट नव्हता. "बंद केलं तर परत चालू व्हायचं न्हाई, मॅडम," तो म्हणाला.

टपरीपाशी एक टेम्पो उभा होता. त्यात खाट, दोन पेट्या, स्टोव्ह. शकीलाचा जावई दोरी आवळत होता. ती मुलीकडे कोकणात चालली होती. अलकाने अपिलाचे कागद पुढे केले, आणि शकीलाने टेम्पोच्या फळीवर ठेवून त्यावर सही केली. "चालवा तुमी," ती म्हणाली. "मागनं कुनाला तरी लागंल." एवढं बोलायलाही तिला दोनदा थांबावं लागलं.

तात्या बाकाच्या जागी उभे होते. बाक टेम्पोत गेलं होतं. शकीलाने टपरीच्या फळीवरचा पेला उचलला, पदराने पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

"घरीच करून पीत जावा आता. सुंठ घाला."

"बरं," तात्या म्हणाले.

टेम्पो निघाला. डंपरच्या रांगेतून वाट काढत तो डांबरीला लागेपर्यंत तात्या आणि अलका दोघंही नुसते पाहत राहिले. अलकाला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर ओरडायचं ते सांगायला फुंकणीसुद्धा उरली नव्हती.

मागून हॉर्न वाजला. टपरीपुढची बाकाची जागा मोकळी झालेली पाहून मघाच्या चालकाने डंपर मागे घ्यायला सुरुवात केली होती. इतके दिवस त्याला वळायला जागा पुरत नव्हती.

"जरा बाजूला व्हा तात्या," तो अदबीने म्हणाला, "आता सोय झाली."

तात्या पेला घेऊन बाजूला झाले.